गरम रक्ताचं घराणं

मुठा, ता. मुळशी
१८ नोव्हेंबर २००३

ती. रजनीवन्सं यांस,
रेश्माचा सा. नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन आबांच्या उशाशी आहे आणि विषय आबांच्या नाकाचा आहे. मोबाईलची रेंज आमच्या खोऱ्यात फक्त स्मशानाजवळच्या चिंचेखाली येते. तिथे उभं राहून हसत बोलणं जिवंत बाईला शोभत नाही.

तर शुक्रवारी शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन झालं. पंचायत समितीचे कुणी साहेब आले होते, पांढरा सफारी, पांढरे बूट, नुसते चुन्यात बुडवून काढल्यासारखे. गुच्छ द्यायला तुमच्या भाचीची निवड झालेली. क्षिती पुढे गेली, गुच्छ दिला, पाया पडायला वाकली आणि वाकल्याबरोबर तिचा घोळणा फुटला. आधी बुटांवर, मग पँटवर. साहेब मागे सरकायला गेले ते खुर्चीसकट फळ्यावर आदळले. तेवढ्यात आमचे आबा पहिल्या रांगेतून उठले आणि छाती काढून म्हणाले, "घाबरू नगा सायब! आमच्या घराण्याचं रगात हाय. लई गरम हाय. माझ्या बापाचं बी असंच व्हतं." जणू काही साहेबांच्या सफारीवर त्यांनी घराण्याचा शिक्काच उमटवला होता.

घरी आल्यावर आईंनी (तुम्हाला आई, मला सासू) दूर्वांचा रस क्षितीच्या नाकात सोडला, कांदा हुंगवला, डोक्यावर गार पाणी थापलं. रक्त थांबलं. पोरीला सर्दी मात्र झाली.

नाकाचं मला एवढं वाटत नाही. ह्यांचंही लहानपणी फुटायचं म्हणे. पण दिवाळीपासून क्षिती डोकं धरून बसते. मास्तर म्हणतात चष्मा लागला, आबा म्हणतात अभ्यासाचा कंटाळा, आई म्हणतात दृष्ट. घरात तीन डॉक्टर असल्यावर मी चौथ्याकडे पौडला नेणार आहे. तुमचंही नाक लहानपणी फुटायचं ना? डोकं दुखायचं का तेव्हा? खरं सांगा.

तुमची,
रेश्मा


म्हसवड
३ डिसेंबर २००३

चि. सौ. रेश्मास अनेक आशीर्वाद.

साहेब फळ्यावर आदळले हे वाचून इतकी हसले की सौरभने अभ्यास सोडून कारण विचारलं. त्याने मग तेच पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. माहेरची अब्रू सासरी अशी पोचली.

गरम रक्त! रक्त एवढं गरम आहे तर आबा थंडीत अंघोळीला दोन हंडे पाणी का तापवतात, हे मी सातवीत असताना विचारलं होतं. उत्तरादाखल पायताण आलं होतं. नेम चुकला, कारण त्याच वेळी त्यांचं नाक फुटलं.

माझं म्हणशील तर लग्नानंतर बंद झालं. सासरी आल्यावर रक्तालाही कळलं असावं, की इथे उसळून काही उपयोग नाही. डोकं कधी दुखलं नाही. शिक्षिकेचं डोकं दुखत नसतं, ते दुसऱ्यांना दुखवण्यासाठी असतं. क्षितीला चष्माच लागला असेल. नंबर काढ, टीव्ही बंद कर आणि नाकात झाडपाला घालणं थांबव.

मी मजेत. शाळा टेकाडावर, म्हणून चढताना मध्ये दोनदा टेकावं लागतं. पोरांना सांगते, बाई निसर्ग बघताहेत. चाळिशीजवळच्या बाईने दिवाळीत एवढ्या चकल्या खाल्ल्यावर निसर्ग बघावाच लागतो.

तुझी,
रजनी

ता. क. कोपऱ्यातला डाग जांभळाच्या रसाचा आहे. पत्र पुन्हा लिहायचा कंटाळा केला.


पुणे, हॉस्पिटल
११ जानेवारी २००४

ती. वन्सं,

ह्यांनी तुम्हाला फोनवर "क्षिती जरा आजारी आहे" एवढंच सांगितलं. तुमचा भाऊ रडत होता, म्हणून वाक्य आखूड झालं. बाकीचं मी लिहिते.

गेल्या रविवारी पोरं अंगणात लंगडी खेळत होती. क्षिती किंचाळली, "आई, डोकं फुटलं!" आणि मटकन खाली बसली. उलट्या सुरू झाल्या. उचलायला गेले तर डावा हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. चष्म्याच्या नंबराने असं होत नाही, वन्सं.

आईंनी बहिरूला बोलावणं धाडलं. उतारे करणारा बहिरू तुम्हाला ठाऊकच आहे. तो लिंबू घेऊन आला तोवर ह्यांनी जीप सुरू केली होती. बहिरू मंत्र म्हणायला आत चढला आणि त्याला उतरवायला कुणाला सवड झाली नाही. पौड रस्त्याला ह्यांना घेरी यायला लागली, गाडी डुलायला लागली, तेव्हा बहिरूने ते लिंबू दाताने फोडून ह्यांच्या तोंडात पिळलं. इतक्या वर्षांत त्याच्या लिंबाचा गुण आलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मेंदूत रक्तस्राव झालाय. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. आपल्या शेतात कसं, पाटातून पाणी दांडात येतं, दांडातून वाफ्यात, हळूहळू मुरतं. क्षितीच्या डोक्यात एका जागी पाट सरळ वाफ्यातच फुटलाय. मधल्या बारीक शिराच नाहीत, नुसता गुंता आहे. रक्त जोरात येतं आणि पातळ शिरेला ते सोसत नाही. जन्मापासून असावं म्हणाल्या. लहान मुलांत हे फार क्वचित दिसतं. मी म्हटलं, आम्हाला सोडतीत कधी बक्षीस लागलं नाही, नेमकं हेच लागलं.

मग त्यांनी क्षितीचा ओठ उलटा करून पाहिला. बारीक लाल ठिपके. बोटांच्या टोकांवरही. विचारलं, "हिच्या नाकातून रक्त येतं का? घरात आणखी कुणाच्या?" अशा वेळीसुद्धा आबांची छाती पुढे आलीच. "माझ्या बापापासनं हाय!"

"आ करा," बाई म्हणाल्या.

वन्सं, त्या व्हरांड्यात आमचं अख्खं कुटुंब बाजारातल्या बैलांसारखं तोंड उघडून ओळीने उभं होतं. आबांच्या जिभेवर ठिपकेच ठिपके. आजवर आम्ही ते तंबाखूचे समजत होतो. ह्यांच्या ओठावर दोन. आईंचं तोंड स्वच्छ निघालं. तेव्हापासून चहावाल्यापासून नर्सपर्यंत सगळ्यांना त्या सांगताहेत, "माझ्याकडनं काय बी न्हाई!"

हा रक्तवाहिन्यांचा आजार आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. नाक म्हणजे नुसती दाराची चौकट, आत मेंदूत, फुप्फुसात, यकृतात असे गुंते असू शकतात. आईबापांपैकी एकाला असला, की प्रत्येक लेकराला असण्याची शक्यता निम्मी. ज्याचं नाक फुटतं, त्या प्रत्येकाने तपासून घ्यायचं आहे.

हे ऐकल्यापासून आबा व्हरांड्याच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसलेत.

क्षिती शुद्धीवर आहे. डावा हात उचलता येत नाही. पुढच्या आठवड्यात उपाय करणार आहेत.

आणि वन्सं, डिसेंबरात जांभळं कुठून आणलीत?

रेश्मा


म्हसवड
१९ जानेवारी २००४

चि. रेश्मा,

क्षितीचं वाचलं आणि लगेच शेंगदाणे भाजायला घेतले. सौरभचे बाबा उद्या निघताहेत. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याचे लाडू पाठवतेय. क्षितीला चालत असतील तर तिला दे, नाहीतर माझ्या भावाला कोंब. तो उपाशी असला की जास्त रडतो.

मला येता येत नाही. तपासणी आहे शाळेची. साहेब नेमके याच महिन्यात यायचे असतात.

जांभळांचं सरबत होतं, बाटलीतलं. तुला वकील व्हायचं होतं का गं? बारावीनंतर शिकली असतीस तर झालीही असतीस. माझ्या नाकाची चौकशी पुरे. मला बघायला आले तेव्हा आबांनी बैठकीत सांगितलं होतं, "पोरगी निर्मळ हाय, कधी दात बी दुखला न्हाई." त्याच निर्मळपणावर मी इथे संसार केलाय. आता या वयात सासूसमोर आ करून उभी राहू आणि म्हणू, बघा, माल सदोष आहे?

सौरभला काही नाही. तो विषय काढू नकोस.

क्षितीच्या उपायाचं काय झालं ते लगेच कळव. मी इथे देव पाण्यात ठेवलेत. त्यांनाही सर्दी होऊ दे थोडी.

रजनी


मुठा
८ फेब्रुवारी २००४

ती. वन्सं,

क्षिती घरी आलीय. आधी चांगलं लिहिते.

कवटी उघडली नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी सरकवत पार मेंदूपर्यंत नेली आणि त्या गुंत्यात औषधी डिंक भरला. आईंना हे समजावताना मी थकले. शेवटी त्यांनीच शेजारणीला सांगितलं, "पंक्चर काढली." काही भाग अजून शिल्लक आहे, तो पावसाळ्यानंतर भरणार. तोवर जपायचं.

व्यायाम शिकवायला एक मुलगा येतो. तो म्हणतो, "बेटा, मूठ उघड." परवा बेटाने त्याला आबांची ठेवणीतली शिवी दिली. तो बिचारा नागपूरकडचा, त्याला अर्थ कळला नाही. आईंनी समजावून सांगितला.

आता वाईट. तुम्ही तिला बघायला आला नाहीत याचा मला राग नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे. राग आहे. क्षिती रोज विचारते, आत्या का नाही आली? मी शाळेची तपासणी सांगते. ती म्हणते, महिनाभर काय तपासतात? पटावरची पोरं मोजायला एवढा वेळ लागत नाही.

डॉक्टरीणबाईंना मी तुमचं टेकाड सांगितलं. नाव नाही सांगितलं, नुसतं एक बाई म्हटलं. नाक फुटतं, चढताना बसावं लागतं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, असाच गुंता फुप्फुसात असेल तर रक्त न गाळताच पुढे जातं. एखादी गुठळी सरळ मेंदूत जाऊ शकते. धड चालतीबोलती बाई एका मिनिटात आडवी होते. आणि उपाय आहे, तोही नळीचाच. "त्यांना लवकर घेऊन या," म्हणाल्या.

तुमची सासू वाईट आहे का चांगली, मला माहीत नाही. पण सौरभला आई लागेल, मग ती निर्मळ असो नाहीतर सदोष.

आबांचं सांगते. क्षिती घरी आल्यापासून ते तिच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. जेवण गोठ्यात मागवतात. "रगताचा लई तोरा मिरवला म्या," एवढंच एकदा म्हणाले. आई फटकन बोलून गेल्या, "तोरा तुमचा आन्‌ भोगतीय पोर." बोलल्या आणि पदर तोंडात कोंबला. पण शब्द गेला तो गेला. आबांनाही तपासणी सांगितलीय डोक्याची, ते जात नाहीत. म्हणतात, "मला कशाला जगवताय?" ह्यांनी हात जोडले, मी भांडले, पण ते ऐकत नाहीत.

या घराण्यात रक्ताची नाही, अकलेची तपासणी करायला पाहिजे. तुमच्यापासून सुरुवात करून.

रेश्मा


म्हसवड
१ मार्च २००४

चि. रेश्मा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. आबांच्या काही शिव्या मलाही येतात.

तिसऱ्या दिवशी टेकाडावर नेहमीच्या दगडावर बसले ती उठताच येईना. चौथीच्या पोरींनी दोन्हीकडून धरून वर नेलं. त्यातली एक म्हणाली, "बाई, तुमचे ओठ निळे झालेत." मी म्हटलं, जांभळं खाल्ली. ती म्हणाली, "बाई, आता कुठं जांभळं?" नऊ वर्षांच्या पोरीलाही ऋतू कळतात. फक्त मलाच कळत नव्हते.

साताऱ्याला जाऊन छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या बाजूला गोल डाग आहे. डॉक्टर म्हणाले, पुण्याला दाखवा.

मग घरी सांगणं आलं. स्वयंपाकघरात सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. नाक, आबांची बैठक, फुप्फुस, सगळं. त्या निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पलंगाखाली फडकी दडवलीस, तरी मोरीतलं लाल पानी कुनाला दिसत न्हवतं का? मला वाटलं, सांगंल तवा सांगंल. लई येळ लावलास, बाई."

रेश्मा, त्या बाईला सतरा वर्षं माहीत होतं. मी पहाटे उठून फडकी धूत होते आणि त्या जागेपणी झोपेचं सोंग घेत होत्या.

सौरभच्या बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मला वाटलं उष्णता आहे." म्हणून ते मला दर उन्हाळ्यात गुलकंद आणून देत होते. मी आजवर त्याला प्रेम समजत होते. जाऊ दे, तेही प्रेमच म्हणायचं.

हे सगळं चाललेलं असताना सौरभ आतून आपली उशी घेऊन आला. अभ्रा काढून उलटा केला आणि सगळ्यांसमोर धरला. जुने, धुतलेले, तपकिरी डाग. "मला वाटलं, आई ओरडेल," म्हणाला. लपवायचं कसं हे पोराला मी शिकवलंच नव्हतं. बघून शिकला. तिथे मात्र मला रडू आलं. सासूबाईंनी कोथिंबिरीचा हात तसाच डोक्यावर ठेवला. केसांतून दिवसभर वास येत होता.

सोमवारी आम्ही चौघंही येतोय. सासूबाईंना तुमचा तो आ करायचा व्हरांडा बघायचाय.

क्षितीला सांग, तपासणी संपली. आत्या नापास झाली.

रजनी


मुठा
२७ जून २००४

(सांगणार आबा, म्हणजे कोंडिबा. लिहिणार क्षितिजा, इयत्ता पाचवी. उजव्या हाताने लिहायचं आणि डाव्या हाताने कागद धरायचा, हा माझा व्यायाम आहे. कागद हलला तर चूक आबांची, ते फार भरभर सांगतात.)

चि. रजीस कोंडिबाचा आशीर्वाद.

तुजं पत्र पावलं. नळीतनं छातीतल्या गुंत्यात स्प्रिंगा बसवल्यापास्नं न थांबता टेकाड चढतीस, वाचून लई बरं वाटलं. सौरभच्या डोक्यात आन्‌ छातीत काय निघालं न्हाई, ह्ये बी बरं झालं. नाकापुरतंच ठिवलं देवानं.

आता माजं ऐक. मागल्या बुधवारी मी तपासून आलो. कुनाच्या बापाचं ऐकलं नसतं. पर ही पोर गोठ्यात आली, गव्हानीवर बसली आन्‌ म्हनली, "आबा, मी नळी घालून घेतली आणि तुम्हाला नुसतं झोपायचंय तर तुमची फाटते?"

(मी असं म्हटलं नव्हतं. मी "घाबरता" म्हटलं होतं. आबा म्हणतात, जे सांगतोय ते लिही.)

मी म्हनलं, भ्या न्हाई गं, लाज वाटती. माज्यामुळं तुला ह्ये झालं. तर म्हनती कशी, "मग नाकपण तुमचंच आलंय मला. नाक बरं दिसतं की. ते पण परत घ्या." रजे, पाच म्हयनं मी त्या गोठ्यात बसून मरायची वाट बघत व्हतो. ही पोर धा मिन्टात मला उठवून जीपमदी घालती.

ते मशीन म्हंजी आडवी हीर हाय. आत घातलं की हातोडं बडवल्यागत आवाज. मी वरडलो, काडा भायेर! त्या पोरानं काडलं. म्हनला, आजोबा, घरचं कुनी पायापाशी उभं ऱ्हाईल का? तुजा भाऊ इंद्रजित पुढं झाला तर त्याचाच चेहरा पांढराफेक. मग क्षिती आली. तिच्या कानातलं, पिना, समदं काडून घेतलं. माज्या पायापाशी उभी ऱ्हायली आन्‌ तिनं अंगठा धरला. डाव्या हातानं. आदी नुसता हात टेकल्यागत वाटला. मग आवाज सुरू झाला, आन्‌ मी हाललो की ती आवळायची. अंगठा ठनकाय लागला, पर मी हू का चू केलं न्हाई. म्हनलं, धर बाई. मोडला तरी धर.

(हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मी हळू धरलाय.)

डाक्टरीनबाई म्हनल्या, आबा, डोक्यात काही नाही. तुजी आई शेजारी व्हती. म्हनली, "ह्ये मी चाळीस वरसं सांगतीया, त्याला मशीन कशाला लागतंय?" समदं हॉस्पिटल हासलं. हासू दे.

क्षितीचा ऱ्हायलेला गुंता आक्टोबरात भरायचा हाय. तवा तिच्या पायापाशी मी उभा ऱ्हानार. सोडत न्हाईत म्हनं आत. बघतो कोन सोडत न्हाई त्ये.

गावात परवा कुनीतरी म्हनलं, कोंडिबा, तुमच्या गरम रगताचं काय झालं? मी त्याला सांगितलं, ते रगात हाय, त्यात गरम-गार काय नसतं, आन्‌ तुज्या पोराचं नाक फुटत आसंल तर त्याला बी दाखवून आन.

रजे, मला तुला येक सांगायचं व्हतं. तुज्या लग्नाच्या बैठकीत मी जे बोललो, निर्मळ हाय म्हनून. त्ये खोटं न्हवतं. मला तवा बी तसंच वाटत व्हतं आन्‌ आज बी

(आबा इथे थांबलेत. वाक्य पूर्ण करा म्हटलं तर खिडकीकडे तोंड करून बसलेत. आता धोतराच्या सोग्यात जोरजोरात नाक शिंकरताहेत. डॉक्टरांनी जोरात शिंकरायचं नाही असं स्पष्ट सांगितलंय, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. आता ते मला शिव्या देताहेत. त्या मी लिहीत नाही, तुला येतातच.

तुझी, क्षितिजा)